खोडाला धार लावणाऱ्यांनो, आधी शाईकडे बघा

रविवारी भाचा तबला काखोटीला मारून दारात उभा. "मामा, आठच दिवसांपूर्वी पुडी चढवली, 'ना'चा बोल नीट लागतच नाहीये." काळी एक पट्टीत लागणारा चांगला शिसवी तबला. पुडीच्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्याच्या, कडेच्या विणलेल्या गजऱ्याखाली बोट फिरवलं तर कातडं बोटभर चिरलेलं. जुनी पुडी काढली तेव्हा यानं खोडाची, म्हणजे तबल्याच्या लाकडी भांड्याची, किनार कानशीनं घासून पार सुरीसारखी केली होती. कारण? इंदूरच्या प्रत्येक तबल्याच्या ग्रुपवर फिरणारा, काँगो नावाच्या उंच हातढोलाचा दाखला देणारा तो मेसेज: "काँगोवाले किनारीला धार काढतात, म्हणून आवाज लांब जातो. तबल्यालाही काढा, सूर दुप्पट खुलेल, मग शाई कशीही असली तरी चालेल. होळकर दरबारातले पखवाजी हेच करत."

शाई, म्हणजे पुडीवरचा तो काळा गोल, कशीही असली तरी चालेल! हे वाचून माझं डोकंच फिरलं. साध्या गोल ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, त्याच्या पूर्ण पटीत नसतात, ते १.५९, २.१४, २.३० असे अडनिडे येतात. म्हणून साध्या ढोलातून ठोस सूर ऐकू येत नाही. तबल्यात तो येतो, कारण लोहचूर्ण आणि खळीचे थरावर थर देऊन, दगडानं घोटून मधोमध वजन बसवलेलं असतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं आणि १९३४ मध्ये सविस्तर प्रयोग छापले. शाईमुळे कंपनाचे नऊ प्रकार जुळून पहिले पाच स्वर जवळजवळ अचूक पूर्ण पटीत येतात. हे काम शाईचं आहे, किनार घासून ते होत नाही.

काँगोला मधे शाई नसते, म्हणून तिथे किनारीच्या आकाराला जास्त महत्त्व. टोकदार किनारीवर कातडं कमी टेकतं, झणझणाट वाढतो; गोल किनारीवर जास्त टेकतं, आवाज भरीव आणि आटोपशीर होतो. हे खरं आहे, मान्य. पण सुरीसारखी धार तिथेही कुणी काढत नाही. हाताचा फटका त्या काठावरच पडतो. आणि काँगोचं कातडं लोखंडी कड्यानं, बोल्टांनी खाली ओढतात. आपण वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) ताणून गजऱ्यावर हातोडी मारतो. धारेवरून ओढलेलं कातडं असा मार किती सोसणार?

"दुप्पट" कशानं मोजलं, ते मेसेजात नाही. दरबाराची गोष्टही पुराव्याशिवाय. नाना पानसे ज्या गावात पखवाज वाजवून गेले, तिथल्या पोरांना असलं काही सांगायला थोडी तरी लाज वाटावी.

किनारीची एवढीच काळजी असेल तर ती सपाट आहे का ते बघा. अंधारात खोडात छोटी टॉर्च ठेवून ते ओट्याच्या कडाप्प्यावर उपडं घाला. उजेड जिथून झिरपेल तिथे किनार खाली बसली आहे, आणि तिथलं घर (वाद्यांमधला भाग) सुरात मिळवताना जीव जातो. भाच्याच्या खोडात असे तीन ठिकाणांहून उजेड आला. तेही कानशीचंच काम.

खोड आता खरादवाल्याकडे आहे. पातळ धार उतरवून किनार पुन्हा गोलसर करायची, म्हणजे खोड थोडं बुटकं होणार. मग पुन्हा नवी पुडी. तोवर पोरगा माझ्या जुन्या तबल्यावर बसतोय.