आदर्श जखमी कसं व्हावं

बसला अपघात झाला की आधी उठून उभं राहावं, कपडे झटकावेत आणि विचारेल त्याला "मला काहीही झालेलं नाही" असं ठणकावून सांगावं. कोणी लिहून घेतंय का, इकडे लक्ष देऊ नये. घेतच असतात. पुढे तुम्ही भरपाई मागायला गेलात की समोरचा वकील तेच वाक्य तुम्हाला वाचून दाखवेल.

दवाखान्यात जायची घाई नको. अपघाताच्या धक्क्याने अंगात ॲड्रिनलिन उसळतं आणि वेदना दबून राहते. मानेचा हिसका पुष्कळदा दुसऱ्या दिवशी बोलायला लागतो, तर वयस्कर माणसाच्या मेंदूवर साचत जाणारं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी लक्षणं दाखवतं. पण हे झालं डॉक्टरांचं म्हणणं. त्यांच्याकडे गेलं की ते लिहीत बसतात: तारीख, वेळ, कुठे मार लागला, कशाने लागला. उगाच पुरावा तयार होतो. जावंच लागलं तर "घरात पाय घसरला" म्हणावं, म्हणजे प्रश्न कमी विचारतात.

तिकिटाची सुरळी करून कान कोरावा आणि ती खिडकीतून फेकून द्यावी. तुम्ही त्या बसमध्ये होतात हे सांगणारा तेवढाच एक कागद, तो कशाला जपायचा? चेपलेल्या बससोबत सेल्फी जरूर काढा. नंबर प्लेट, तुटलेलं सीट, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा असल्या रुक्ष गोष्टींचे फोटो नकोत. शेजारच्या प्रवाशाने सगळं डोळ्यांनी पाहिलंय? त्याला नमस्कार करा, नंबर मागू नका. बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रणही फार दिवस टिकत नाही, जुन्यावर नवं चढत जातं. "हे राखून ठेवा" असं लेखी पत्र दिलं तर "आपोआप पुसलं गेलं हो" म्हणणं कंपनीला जड जातं. कोणाला असं अडचणीत आणू नये.

राग सगळा ड्रायव्हरवर काढावा. तो समोर असतो, सोयीचं पडतं. तो किती तास सलग चाकावर होता, ब्रेक शेवटचे कधी तपासले, हे विचारू नये. युरोपात साडेचार तास बस चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार हे तत्त्व कितीतरी देशांच्या कायद्यात आहे. पण मालक दूर असतो आणि त्याचं ऑफिस वातानुकूलित असतं.

एक-दोन दिवसांत विमा कंपनीचे एक गृहस्थ भेटायला येतील. माणूस फार गोड. कागद असा दुमडून आणलेला असतो की सहीची जागा तेवढी वर राहते. पेनचं टोपणही त्यांनीच काढलेलं. घडी उलगडली तर "पूर्ण व अंतिम भरपाई, यापुढे कोणताही दावा राहणार नाही" असं दिसेल, म्हणून उलगडू नये. ऑपरेशन करावं लागेल का, पुन्हा कामावर कधी जाता येईल, हे डॉक्टरांनाही अजून ठाऊक नसतं. त्या गृहस्थांना मात्र रकमेसकट ठाऊक असतं. करा सही.

आणि तुम्ही पट्टा लावला नसेल तर लाजेने दावाच सोडून द्यावा. इंग्लंडची न्यायालयं १९७५ पासून अशा वेळी भरपाईतून साधारण १५ ते २५ टक्के कापून उरलेली देतात, पण इतका चेंगटपणा आपल्याला शोभत नाही.

मुदतीची काळजी तर अजिबात करू नये. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षं मिळतात, कॅलिफोर्नियात दोन; फक्त तिथे बस सरकारी निघाली तर सहा महिन्यांत आधी त्या खात्याकडे अर्ज टाकावा लागतो. बस सरकारी होती की खासगी, हे कोण बघत बसतंय? भारतात १९९४ साली मोटार अपघात दाव्यांची मुदतच उठवली होती. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट कायद्यात परत आली. ज्या काकांचा दावा त्या मधल्या काळातला, त्यांचा सल्ला घ्यावा. अनुभवी माणूस आहे, "निवांत कर रे" म्हणेल. मग निवांत वकिलाकडे जावं. उशिरा गेलं की फीसुद्धा वाचते. केसच घेत नाही म्हटल्यावर तो फी कसली मागणार?