‘पेमेंट सक्सेसफुल’ म्हणजे पैसे आपले झाले असं नाही

आज पुन्हा तेच ऐकलं. पैठणच्या एका दुकानदाराची अमेरिकेला पाठवलेली पैठणी गेली, वर चार्जबॅक लागून, म्हणजे कार्डाच्या खऱ्या मालकानं बँकेत तक्रार केल्यामुळे, पैसेही परत गेले. आणि त्याला वेबसाइट करून देणारा वर तोंड करून म्हणतो, "भाऊ, पेमेंट तर सक्सेसफुल होतं की!"

अरे, सक्सेसफुल म्हणजे कार्ड चालू आहे आणि त्यात लिमिट आहे, बस. बिलिंग पत्ता, म्हणजे कार्डाच्या बँकेत नोंदवलेला पत्ता, जुळला का, याचं उत्तर बँक एका वेगळ्या अक्षरात देते (याला एव्हीएस, म्हणजे पत्त्याची पडताळणी म्हणतात), आणि पत्ता जुळला नाही तरी पेमेंट पास करू शकते. अडवायचं की सोडायचं ते दुकानदाराच्या गेटवेच्या, म्हणजे वेबसाइटवर कार्डाचे पैसे घेणाऱ्या सेवेच्या, सेटिंगवर ठरतं. पैठणच्या त्या ऑर्डरवर ‘एन’ होतं. म्हणजे घर नंबर जुळला नाही, झिपही (तिकडचा पिनकोड) नाही. वर डिलिव्हरीचा पत्ता तिसराच आणि कुरिअर सगळ्यात जलद! ते ‘एन’ डॅशबोर्डवर तसंच पडून राहिलं, कारण ते बघायचं असतं हे मालकाला कुणी सांगितलंच नाही.

ही तपासणी मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटनच्या कार्डांवर चालते. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन कार्ड पेमेंटला जादा पडताळणी सक्तीची आहे, म्हणून आपण ओटीपीच्या भरवशावर निर्धास्त असतो. तिकडच्या कार्डाला तो येईलच असं नाही. तपासतात ते पत्त्यातले आकडे. ‘वाय’ म्हणजे दोन्ही जुळले, ‘झेड’ म्हणजे फक्त झिप, ‘ए’ म्हणजे फक्त घर नंबर. ‘यू’ किंवा ‘जी’ आलं तर बँकेकडून माहितीच मिळालेली नाही, त्याला नकार समजू नका.

बरं, ‘एन’ दिसला की समोरचा चोरच, असंही नाही, हे मान्य. आपल्या लातूर-नांदेडच्या लेकी तिकडे भाड्याची घरं बदलत राहतात आणि बँकेत पत्ता जुनाच असतो. माहेरच्या ओढीनं साडी मागवणाऱ्या पोरीला फटकन नाही म्हणू नये, आधी ईमेल करून विचारावं. कधी चूक आपल्याच बाजूची असते. न्यू जर्सीतल्या एडिसनचा झिप ०८८२०. फोनवरची ऑर्डर एक्सेलमध्ये उतरवली की पुढचं शून्य उडतं, ८८२० राहतं आणि खरं गिऱ्हाईक खोटं ठरतं. तो रकाना टेक्स्ट करून ठेवा.

पण खात्री होईपर्यंत पैसे कॅप्चर करायचे नाहीत, म्हणजे कार्डावर रोखून धरलेली रक्कम प्रत्यक्ष वसूल करायची नाही, आणि पार्सल हलवायचं नाही. ऑर्डर नाकारलीच तर ऑथोरायझेशन (रक्कम रोखून धरायची बँकेची मंजुरी) व्हॉइड, म्हणजे रद्द, करा, नाहीतर त्या माणसाची रक्कम उगाच काही दिवस अडकते.

आणि चोराकडे पूर्ण पत्ता असला तर ‘वाय’सुद्धा येतो. म्हणून महागड्या मालाला थ्रीडी सिक्युअर, म्हणजे कार्ड देणारी बँक ग्राहकाची ओळख स्वतः तपासते ती सोय, लावाच. त्यातून पडताळणी झाली, तर फसवणुकीच्या चार्जबॅकचा भुर्दंड सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. व्हिसा कार्डावर असा दावा १२० दिवसांपर्यंत येऊ शकतो. पैठणवाल्यानं तोवर विणकराची मजुरी कधीच चुकती केली होती. ती कोण भरून देणार?

वेबसाइट करून देणाऱ्यांनो, पैसे मोजून घेता ना? मग सोपवण्याआधी टेस्ट मोडमध्ये ‘एन’ची एक ऑर्डर टाका आणि ती थांबते हे मालकाला शेजारी बसवून दाखवा.