‘कायमचं राहील म्हणाले, आठ महिन्यांत सगळं गायब’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. जुनी बिलं आणि आपले व्हॉट्सॲपवरचे निरोप पुन्हा पाहायचे होते, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुमच्या तक्रारी अशा: गावच्या दिवाळी अंकांची साइट आम्ही डॉट ईटीएच या ब्लॉकचेनवर नोंदल्या जाणाऱ्या नावावर करून दिली, ती गावात कुणाच्याच मोबाइलवर उघडत नाही. जूनमध्ये सगळे अंक दिसेनासे झाले. मे महिन्यात फोन बिघडल्यावर नावाचा ताबा आम्ही परत मिळवून दिला नाही. आणि म्हणून हा सगळा प्रकार फसवणुकीचा आहे.

जूनचं आधी सांगतो, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे.

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या नोंदवहीत, साइट नसते. तिथे फक्त नावाची नोंद असते आणि त्या नोंदीत फाइलींचा ठसा, म्हणजे त्यांच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा संकेत, असतो. प्रत्यक्ष अंक आयपीएफएस या फाइली वाटून ठेवण्याच्या जाळ्यावर, म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या मशीनवर असतात. कुणीतरी ते मुद्दाम धरून ठेवले तरच टिकतात. याला पिन करणं म्हणतात. धरणारा कुणी उरला नाही की साफसफाईत निघून जातात. हे काम आम्ही एका सेवेकडे दिलं होतं. आमचं बँकेचं कार्ड बदललं, पैसे गेले नाहीत आणि त्यांचे इशाऱ्याचे ईमेल आमच्याकडे कुणी उघडले नाहीत. अकरा दिवस तुमची साइट कोरी राहिली. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

अंक परत कसे आले तेही सांगायला हवं. तुमच्या स्कॅनचा मूळ संच आमच्या हार्ड डिस्कवर होता, तोच जसाच्या तसा पुन्हा चढवला. त्याच फाइली त्याच पद्धतीने चढवल्या की ठसाही तोच येतो, म्हणून नोंदीला हात लावावा लागला नाही. एका पानातलं एक अक्षर जरी बदललं असतं तरी ठसा नवा आला असता, आणि तुमची किल्ली, म्हणजे नोंद बदलायचा फोनमधला गुप्त संकेत, मे महिन्यातच गेल्यामुळे तो नोंदवताच आला नसता. तेव्हा साइट परत उभी राहिली ती केवळ मूळ संच जपलेला होता म्हणून. असं होऊ शकतं हे करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. उलट आमच्या माहितीपत्रकात ‘कायमचं’ हा शब्द होता. तो शब्द आम्ही काढून टाकला आहे.

आता मोबाइलचं. इंटरनेटच्या नावांची मूळ यादी आयकॅन ही संस्था सांभाळते आणि त्या यादीत डॉट ईटीएच नाही. ही तीन अक्षरं इथिओपियाचा तीन अक्षरी देशसंकेतही आहेत. त्यामुळे क्रोममध्ये नुसतं नाव टाकलं तर साइट उघडत नाही. नावापुढे डॉट लिमो जोडलं की उघडते, कारण डॉट लिमो त्या यादीत आहे आणि ब्लॉकचेनवरची नोंद वाचून साइट दाखवणारा मधला दरवाजा त्या पत्त्यावर चालतो. पण दरवाजा दुसऱ्याचा आहे, हे विसरून चालणार नाही. २०२२ मध्ये याच कामाचं ईटीएच डॉट लिंक हे डोमेन मुदत संपून हातचं जायच्या बेतात होतं. त्याचं नूतनीकरण करू शकणारा माणूस तेव्हा अमेरिकेत तुरुंगात होता आणि प्रकरण कोर्टात गेलं. तुम्हाला आम्ही डॉट लिमोचा पत्ता दिला, पण शाळेच्या गेटवर लावलेल्या फलकावर नुसतं डॉट ईटीएच छापलं. फलक आम्हीच छापला होता. नवा आमच्या खर्चाने लावून देतो.

ताब्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. किल्ली परत मिळवून देणारे बारा शब्द आमच्याकडे ठेवून घ्यायला आम्ही नाही म्हणालो, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे, आणि पुढेही आम्ही नाहीच म्हणू. ज्याच्याकडे शब्द, त्याचं नाव आणि त्याच डिजिटल पाकिटातले पैसेही. आमच्याकडे मुलं कामाला येतात, दोन वर्षांनी पुण्याला जातात. इतकी मोठी गोष्ट मी ऑफिसच्या कपाटात ठेवून घेणार नाही. शब्द हरवले तर परत देणारा विभाग कुठेच नाही, ना आमच्याकडे ना डॉट ईटीएच नावांची व्यवस्था असलेल्या ईएनएसकडे.

तरीही एक गोष्ट आमच्याकडून राहिली. ईएनएसमध्ये मालक आणि मॅनेजर असे दोन हक्क वेगळे ठेवता येतात. मॅनेजर नोंद बदलू शकतो, नाव दुसऱ्याला देऊ शकत नाही, आणि मालक त्याला केव्हाही काढू शकतो. सुरुवातीलाच आम्हाला मॅनेजर नेमलं असतं तर आज साइटमध्ये बदल करता आले असते. हा पर्याय तुमच्यापुढे ठेवायला हवा होता.

फसवणूक हा शब्द मला लागला, कारण नाव खरं आहे आणि आजही तुमच्या पाकिटाच्या पत्त्यावर नोंदलेलं कुणालाही दिसतं. पाच किंवा जास्त अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर आणि नेटवर्कचं शुल्क, एवढंच त्याचं भाडं, आणि तेवढंच आम्ही तुमच्या बिलात लावलं. दुसरीकडे एकदाच पैसे घेतात असंही तुम्ही लिहिलंय. तशी नावं मिळतात. पण २०२२ मध्ये त्यांतलीच डॉट कॉइनची नावं विकणाऱ्या कंपनीनेच बंद केली, कारण नावाचं तेच शेवटचं टोक, डॉट कॉइन, दुसऱ्या ब्लॉकचेनवर आधीपासून चालू होतं.

पुढचा निर्णय तुमचा आहे. नूतनीकरणाचे पैसे कुणीही भरू शकतो, त्याला किल्ली लागत नाही. आपण भरत राहिलो तर अंक आहेत तसे दिसत राहतील, बदल होणार नाहीत. मुदत संपू दिली तर ९० दिवसांची सवलत, त्यानंतर २१ दिवस १० कोटी डॉलरवरून उतरत जाणारी जादा किंमत, आणि मग नाव सगळ्यांना खुलं. नव्या किल्लीने ते आपण परत घेऊ शकतो, पण मध्येच दुसऱ्याने घेतलं तर काही करता येणार नाही. माझा सल्ला भरत राहण्याचा आहे.

या वर्षाचं सांभाळणुकीचं शुल्क परत करतोय. अंक आता दोन वेगळ्या सेवांवर पिन केले आहेत, आणि तिसरी प्रत शाळेच्या संगणकावर बसवून देतो. शिवाय डॉट इनचं साधं डोमेन घेऊन तेच अंक तिथेही लावतो, पहिल्या वर्षाचा खर्च आमचा. बुधवारी दुपारी मी स्वतः गावात येतोय. मूळ अंकांचा गठ्ठा काढून ठेवाल का? पहिल्या अंकाची मधली चार पानं तिरकी स्कॅन झाली आहेत. डॉट इनवर तरी ती नीट लावता येतील.