पडवीतले किलोवॉट

घरावर सौरऊर्जा संच बसवायचा म्हणजे आधी त्याचे माप ठरवावे लागते. इतरत्र हे काम कॅल्क्युलेटर करतो. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरात ते पडवीत, चहाच्या दोन फेऱ्यांनंतर, बहुमताने होते.

वास्तविक हिशेब साधा आहे. वर्षभराच्या बिलांतल्या युनिटांची बेरीज करायची, आणि एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरून भागाकार करायचा. आमचे उत्तर तीन किलोवॉट आले. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदानही तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांवर पोचून तिथेच थांबते, त्यामुळे सरकारचे आणि माझे प्रथमच एकमत झाले. परंतु पॅनेलांची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राचे ‘इन्व्हर्टर’ हे नाव कानी पडताच काकूंनी विचारले, "मिक्सर चालेल ना रे त्याच्यावर?" पाठोपाठ काकांनी विहिरीवरचा पंप, गिझर आणि गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचे मोबाईल असे सगळे वॉट एका पाकिटाच्या पाठीवर मांडून दहा किलोवॉटची मागणी पुढे केली.

ग्रिडला, म्हणजे खांबावरून येणाऱ्या सरकारी विजेला, जोडलेल्या संचाला घरात एका वेळी काय काय चालू आहे याचे सोयरसुतक नसते. कमी पडलेली वीज खांबावरून येते, उरलेली खांबाकडे जाते आणि नेट मीटर दोन्हींची नोंद ठेवतो. उन्हाळ्यात जमा झालेले युनिट पावसाळ्यात वापरता येतात, कारण वर्षाचा हिशेब मार्चअखेर मिटतो. हे मी पुष्कळ समजावले. "ते खरं," काका म्हणाले, "पण पंप सुरू होताना किती ओढतो, ठाऊक आहे का?" ठाऊक होते, तो जादा प्रवाह खांबावरूनच येणार होता. पण पंपाचा अपमान झाल्यासारखा त्यांचा चेहरा पाहून मी पॅनेलांकडे वळलो.

५४० वॉटची सहा पॅनेले एका माळेत जोडली, की उघड्या टोकांवर जवळजवळ तीनशे व्होल्ट येतात. हा आकडा २५ अंश तापमानाचा. थंडीत तो वाढतो, उन्हात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापले की घटतो. थंडीतला आणि उन्हातला, दोन्ही आकडे इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसले पाहिजेत. "म्हणजे ऊन वाढलं की करंट कमी?" असे विचारून शेजारच्या भाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरणार नाही. ऊन आणि उष्णता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मे महिन्यात कोकणी माणसाला पटवणे सोपे नाही.

इन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या एसी विजेच्या बाजूला मात्र प्रत्यक्ष वायरमनशीच गाठ होती. तीन हजार वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे तेरा अँपिअर; त्याची सव्वापट सोळाच्या किंचित वर, म्हणून वीस अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका. "बत्तीसचा टाकू, दादा. कधी पडणारच नाही," तो उदारपणे म्हणाला. वेळेला पडणे हेच एमसीबीचे काम असून, तो पडला नाही तर वायर जळते, हे ऐकल्यावर त्याने हातातला पक्कड खिशात ठेवला आणि मला इंजिनिअर म्हणू लागला. केबल जाड घ्यायची, यावर मात्र आमचे जमले. मीटर आमच्या आगराच्या दुसऱ्या टोकाला आहे. बारीक वायरीतून वीज परत पाठवताना इन्व्हर्टरच्या बाजूचे व्होल्टेज चढते, आणि ते मर्यादेपलीकडे गेले की यंत्र ऐन दुपारी, भर उन्हात, बंद पडते.

अर्थिंगचे तीन खड्डे जांभ्यात खणताना गड्याने सौरऊर्जेविषयी जे मत मांडले, ते छापण्याजोगे नाही. पॅनेलांचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, घेतला, कारण खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही. त्याच्या बोल्टांच्या बाबतीत ३ जून २०२०चे निसर्ग वादळ आठवून कोणीही काटकसर सुचवली नाही. खरी लढाई माडाची झाली. दुपारी तीननंतर त्याची सावली एका पॅनेलवर यायची, आणि माळेत एक पॅनेल झाकले की त्याचा फटका साऱ्या माळेला बसतो. "मामंजींनी लावलेला माड आहे तो," काकूंनी एवढेच म्हटले. पॅनेले पूर्वेकडे सरकली.

शेवटी मी सांगायचे टाळत असलेली गोष्ट काकांनीच विचारली: लाईट गेली तर? तर हा संचही बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छपरावरून शॉक बसता कामा नये. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट किती वेळ असते, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर ठेवायचा ठराव एकमताने झाला. त्याला मात्र प्रत्येक उपकरणाचे वॉट मोजावेच लागतात, सुरू होतानाच्या ओढीसकट. काकांनी विजयी मुद्रेने पाकीट पुन्हा उलटे केले आणि पहिले नाव फ्रिजचे घातले, कारण त्यात सुरमई होती.