गिझर, मी आणि खालचे काका

गिझरचं निपल, म्हणजे पाइप जोडणारा आट्यांचा छोटा नळीचा तुकडा, गंजून मोडलं तेव्हा माझ्या अंगाला साबण होता. पुढचं सांगत नाही. प्लंबर आला आणि त्याच्या मागोमाग, पंचातल्या मला ओलांडून, खालच्या मजल्यावरचे काका आले. त्यांच्या छताला ओल आली होती. तक्रार करून झाल्यावर त्यांनी माझंच स्टूल ओढलं आणि बाथरूमच्या दारात ठाण मांडलं.

"तुम्ही अंघोळीला फार वेळ लावता."

"ते तर आहेच," नट सोडवत प्लंबर.

मी म्हटलं, अहो, अंघोळीचा काय संबंध? पितळी नट, त्यात लोखंडी निपल, मधे आपलं टँकरचं खारं, गरम पाणी. बॅटरीच झाली ती! पितळ मजेत राहतं, लोखंड झिजतं.

"बॅटरी?" काका पुढे सरकले. "मोबाईल चार्ज होईल?"

"नाही."

"मग कसली बॅटरी!"

प्लंबर एवढा हसला की हातातला पाना माझ्या पायावर पडला. सॉरीबिरी काही नाही.

मग मी थेट इंग्रजांचं आरमार काढलं. १७६१ साली 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, लोखंडी खिळ्यांनी. दोन वर्षांनी बघतात तर खिळे खलास. पत्र्यांच्या वेष्टनाचा ब्राऊन पेपर जिथे चुकून मधे राहिला होता, तिथले तेवढे शाबूत. दोन धातू एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत, बस्स! हल्ली त्या कागदाच्या जागी प्लॅस्टिकची बाही आणि रबरी वायसर असलेलं डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे दोन धातूंना वेगळं ठेवणारा पाइपांचा जोड, मिळतं.

काका गंभीर झाले. "एवढंच ना? नातवाच्या वह्यांना कव्हरं घालून उरलाय ब्राऊन पेपर. आणतो." आणि खरोखर उठले!

तोवर प्लंबरने नवं निपल काढलं. लोखंडीच. वर टेफलॉन टेपचे वेढे. टेप पाणी अडवते हो, पण आटे आवळले की ती फाटते आणि धातूला धातू लागतोच.

"साहेब, सगळीकडे हेच लावतो."

सगळीकडे हेच लावतो म्हणून सगळीकडे हेच सडतं, आणि पुन्हा बोलवायचं यालाच! सोसायटीही मेंटेनन्स न चुकता वाढवते, पाणी मात्र असं की बादलीला पांढरी पुटं चढतात. माझं शास्त्र ऐकायला सवड नसलेल्या या माणसाने पाचशेची नोट तेवढी उजेडात धरून नीट तपासली.

काका कागद घेऊन आले. त्यावर पेन्सिलीने हिशेब होता: छताला प्रायमर, रंगाचे दोन हात, मजुरी. बेरीज चुकली होती. त्यांच्याच बाजूने.