केवळ आक्षेपार्ह नसणे पुरेसे नाही

कौटुंबिक चित्रपट म्हणजे ज्यात आक्षेपार्ह काहीही नाही असा चित्रपट, ही कौटुंबिक चित्रपट-मालिकांची यादी देणाऱ्या एका लेखातील व्याख्या मला अपुरी वाटते. आजीपासून शाळकरी नातवापर्यंत प्रत्येकाला त्यात आपले असे काहीतरी सापडले पाहिजे. परेश मोकाशी यांचा २०१४ सालचा 'एलिझाबेथ एकादशी' या कसोटीला पूर्ण उतरतो. कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र अडकलेले, ते सोडवण्यासाठी वडिलांनी बनवलेली सायकल विकण्याची वेळ आलेली आणि ती वाचवण्यासाठी मुलांनी पंढरपूरच्या यात्रेत मांडलेले दुकान, एवढ्याशा कथानकात घरातील चणचण, मुलांचा हट्ट आणि आईचा स्वाभिमान हे सगळे येते, तरी कोणी कोणाला उपदेश करीत बसत नाही. आमच्या बेळगाव-खानापूर भागात वारकरी घरे पुष्कळ असल्याने ती यात्रा इथल्या ज्येष्ठांना समजावून सांगावी लागत नाही.

मालिकांविषयी मात्र लेखकाने फारच सौम्य भूमिका घेतली आहे. सासू-सुनांची कारस्थाने महिनोन्महिने लांबवणे आणि एका थपडेवर तीन दिवस काढणे (मुलांसमोर हेही आक्षेपार्हच, पण तसे कोणी म्हणत नाही) यात कुटुंबाचे काय आहे? लेखातील यादीत दिग्दर्शक शंकर नाग यांची, कर्नाटकातील आगुंबे येथे चित्रित झालेली 'मालगुडी डेज' ही मालिका असायला हवी होती. तिच्यातील बहुतेक गोष्टी एक-दोन भागांत संपतात आणि हिंदी असल्याने आमच्याकडे मराठी व कानडी शेजारी ती एकत्र बसून पाहू शकतात.