शॅरनचे पैसे आणि आपल्या मैदानांची किल्ली

मुंबईतली मैदानं आणि गार्डनं खाजगी संस्थांना ‘दत्तक’, म्हणजे सांभाळायला, द्यायची की नाही यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर परत जुंपलीये. 2016 ला पालिकेत मंजूर झालेली अशीच पॉलिसी मुख्यमंत्र्यांनी थांबवली होती, 2023 ला नवा ड्राफ्ट आला, आणि तेव्हापासून विषय निघाला की कोणीतरी मला टॅग करतंच, तुमच्या अमेरिकेत सगळं डोनेशनवरच चालतं ना, मग आपल्याकडेच एवढी बोंब का?

चालतं, पण कसं ते तरी बघा. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये मुलांचं प्लेग्राउंड आहे, 1888 चं, अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक प्लेग्राउंड म्हणून ओळखतात. पैसे विल्यम शॅरनचे. चांदीच्या खाणींवर गब्बर झालेला माणूस, नेवाडाचा सिनेटर पण सिनेटमध्ये फारसा न फिरकणारा, म्हणजे संतबिंत अजिबात नाही. 1885 ला गेला आणि पार्कसाठी 50,000 डॉलर ठेवून गेला. त्यातून आधी पार्कला संगमरवरी गेट बांधायचं चाललं होतं (कमानींचं वेड सगळीकडे सारखंच), पण विल्यम हॅमंड हॉल, ज्याने हे पार्क आखलं, त्याने विरोध केला आणि शेवटी पैसा मुलांकडे वळला. झोपाळे आले, बकऱ्यांच्या गाड्या आल्या, गाढवावरची रपेट, आणि मुलांना दूध-खाऊ मिळेल, आयांना टेकता येईल अशी दगडी शॅरन बिल्डिंग. ती 1906 च्या भूकंपात पडली झडली, पुढे आगीतही होरपळली, तरी ‘धोकादायक इमारत’ म्हणून पाडून तिथे टॉवर नाही आला, डागडुजी करून उभी ठेवली, आता तिथे आर्ट स्टुडिओ आहे. शेजारच्या गोल मंडपातला लाकडी प्राण्यांचा कॅरोसेल (मेरी-गो-राउंड) 1914 चा, त्याला तिकीट पडतं. 2007 ला कोरेट फाउंडेशनच्या मदतीने प्लेग्राउंड नवं केलं, नावही त्यांचं लागलं, पण जुनी सिमेंटची घसरगुंडी ठेवली. पोरं खोक्याचा पुठ्ठा बुडाखाली घेऊन त्यावरून सुसाट येतात, खाली उतरली की पुठ्ठा तिथेच टाकतात आणि पुढचं पोर तोच उचलून वर पळतं.

म्हणजे श्रीमंताचा पैसा घेतला, पाटी लावली, पण जमीन शहराची आणि गेटवर वॉचमन देणगीदाराचा नाही. आपल्याकडे जुन्या केअरटेकर पॉलिसीत नेमकं उलटं झालं, सांभाळायला म्हणून दिलेल्या काही प्लॉटवर क्लब उभे राहिले. आम्ही शाळेत असताना जिथे टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो त्या मैदानाच्या एका कोपऱ्यात आता मेंबरशिपचे रेट विचारायला लागतात. आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेला चार झोपाळ्यांना ऑइल घालायला दत्तक पालक कशाला लागतो हे मला अजून कळलेलं नाही.

इथे सगळं छान आहे असंही नाही हां. मूल सोबत नसेल तर मोठ्या माणसाला प्लेग्राउंडमध्ये शिरायला बंदी, आमच्याकडचे आजोबा लोक तिथे असे बाकावर बसू शकणार नाहीत. शिवाय पैसेवाल्यांना नाव लावायला नावाजलेलंच पार्क लागतं, गल्लीतल्या बागेला कोण विचारतंय.

आत्येभाऊ म्हणतो तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय, बरोबर आहे, टॅक्स मी मुंबईत भरत नाही. पण तो भरतो ना, मग पालिकेने परत हरकती मागवल्या तर त्यानेच लिहावं, पाटी हवी तेवढी मोठी लावा, पण आत कोणी यायचं, किती वाजता यायचं आणि काय बांधायचं यातलं एकही कलम देणाऱ्याच्या हातात नको.